पावसाळ्यात डोळे मिटणारा कायदा

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत आणि सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग-सावंतवाडीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याशी त्याहूनही अधिक. तो बहुतेक सगळा मृगापासून हस्तापर्यंत कोसळतो. खाण पाण्याचे आणि जमिनीचे जे वाटोळे करते, ते मुख्यतः याच चार महिन्यांत. डंपावरची लाल माती ओहोळात उतरते, ओहोळातून भाताच्या मळ्यात पसरते आणि उरलेली नदीला मिळते. आता याच खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे ठरवताना आमचे सरकार कोणत्या महिन्यांचे मोजमाप मागते? पावसाळा वगळून कोणत्याही एका हंगामाचे! मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. यांतले सोयीचे तीन महिने निवडा, हवा-पाणी-माती मोजा, अहवाल लिहा आणि परवाना घेऊन जा. हे कोणा लाचखोर कारकुनाने आडमार्गाने घुसडलेले नाही. अहवालात काय काय मोजायचे याची जी ठरावीक कार्यकक्षा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाणींसाठी छापून ठेवली आहे, तिच्यातच ते लिहिलेले आहे.

हवेतल्या धुळीपुरता हा नियम कळू शकतो. पावसात धूळ बसते आणि आषाढात घेतलेले हवेचे नमुने खोटे स्वच्छ दिसतील. पण पाण्याचे काय? झऱ्याचे, विहिरीचे, उतारावरून सुटणाऱ्या गाळाचे काय? ज्या काळात घात होतो नेमका तोच काळ मोजणीतून काढून टाकायचा आणि उरलेल्या कोरड्या महिन्यांच्या आकड्यांवर शास्त्राचा शिक्का मारायचा, ही कोकण-गोव्याच्या जनतेची सरकारी शिक्क्यानिशी केलेली फसवणूक आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेपासून जवळजवळ वीस वर्षे ती राजरोस चालू आहे आणि विधानसभेत, संसदेत तिच्याविरुद्ध कोणाचा कंठ फुटत नाही.

या फसवणुकीचे मोल गोव्याने मोजले. तिथे एक टन लोहखनिज काढायचे तर दोन-तीन टन निरुपयोगी माती-दगड उपसावे लागतात. चीनची भूक वाढली तशी ही उपसणी बेभान झाली आणि २०१०-११ या एका वर्षात पाच कोटी टनांच्या घरात खनिज परदेशी गेले. सगळे राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे. खाणपट्टा त्यातला एक लहान तुकडा. मातीचे डोंगर मग रचले कुठे? गावांच्या डोक्यावर, ओहोळांच्या उगमाशी, कुळागरांच्या वरच्या अंगाला. खाली खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली. गोव्याच्या भूगर्भाची एक गोष्ट इथे समजून घेतली पाहिजे. वरचा जांभा पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि खालचा भुसभुशीत खनिजाचा थर ते धरून ठेवतो. म्हणजे जे खनिज बार्जमध्ये भरून मुरगावच्या बंदराकडे नेले, तोच गावाच्या विहिरींना पाणी पुरवणारा थर होता. तो खणून काढला आणि खंदकात झिरपणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी बाहेर फेकले. मग विहिरी आटणार नाहीत तर काय होईल? लईराई देवीच्या जत्रेमुळे घराघरांत ठाऊक असलेल्या शिरगावच्या विहिरी अशाच कोरड्या पडल्या आणि पाण्यासाठी त्या गावाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून तिसवाडी-फोंड्याला पिण्याचे पाणी जाते, साळावलीच्या धरणातून दक्षिण गोव्याला. दोन्हींच्या पाणलोटात खाणी खोदल्या गेल्या. पणजीत आणि मडगावात नळ सोडणाऱ्याने हे विसरू नये.

गोव्यातल्या खाणींची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामाने सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता आणि साऱ्या देशाचे लक्ष त्या आकड्यावर खिळले. आम्हांला त्याहून भयंकर वाटते ते एका आठवड्याने घडलेले. १४ सप्टेंबरला केंद्राने गोव्याच्या खाणींचे पर्यावरण परवाने स्थगित केले. स्थगित करायला परवाने होते! कायद्यानुसार त्या परवान्यांमागे परिणामांचे अहवाल लागतात. ते कोणीतरी लिहिले, कोणत्या तरी समितीने ते पुढे ठेवून मान डोलावली, कोणीतरी सही केली. इकडे मळ्यांत गुडघाभर गाळ साचत होता आणि तिकडे कागदावर सारे काही आटोक्यात होते. पुढे २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २२ नोव्हेंबर २००७ नंतर या खाणपट्ट्यांची मुदतच संपली होती, त्यानंतरचे सारे खाणकाम बेकायदा होते. भाडेपट्ट्याबाहेर डंप टाकायला मनाई झाली आणि वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली. गोवा सरकारने तरीही ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण उरकले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले.

आता आम्हांला ठाऊक असलेला आक्षेप पुढे येईल. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक घेतलेल्या तरुणांचे काय झाले? बार्जवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे, हॉटेलवाल्यांचे काय झाले? हा आक्षेप खरा आहे आणि तो तळमळीने विचारला जातो. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले, बँकेच्या नोटिसा आल्या, घरे बसली. परंतु या माणसांना बुडवले कोणी? झऱ्यासाठी न्यायालयात गेलेल्या गावकऱ्यांनी? नाही! ज्या अहवालांनी या भूमीला किती खाणकाम सोसेल हे कधीच सांगितले नाही, त्यांनी बुडवले. न्यायालयाने २०१४ मध्ये जी दोन कोटी टनांची मर्यादा घातली, तशी मर्यादा नद्यांचे, रस्त्यांचे आणि पाण्याचे प्रामाणिक मोजमाप करून आरंभीच घातली असती, तर बँकांनी पाच कोटी टनांच्या हिशेबाने ट्रकांना कर्जे दिली नसती आणि एका रात्रीत सगळे बंद करण्याची पाळी आली नसती. खोट्या मूल्यांकनाने शेतकरी मारला आणि त्याच्या मागोमाग ट्रकवालाही मारला. या दोघांना रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर घालणारे पुढारी मात्र सुखरूप राहिले.

मूल्यांकन खोटे का निघते? कारण ते करणाऱ्या सल्लागाराला खाणमालक निवडतो आणि खाणमालकच पैसे देतो. ज्याचे माप काढायचे त्याच्याच हाती ताजवा! सल्लागाराने ‘इथे खाण नको’ असे लिहिले तर त्याला पुढचे काम देणार कोण? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालाची कथा या व्यवस्थेचा उघडा पुरावा आहे. त्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च वृक्षांची वने नमूद केली होती. ही झाडे शीत प्रदेशातली, रत्नागिरीच्या लाल मातीत ती कधी उगवली नाहीत. रशियातल्या एका बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालातली पानेच्या पाने उचलून कोकणाच्या नावावर चिकटवली होती. ज्याने हे लिहिले त्याने कोकणातला एक सडासुद्धा डोळ्यांनी पाहिला नाही, आणि ज्यांनी ते स्वीकारले त्यांनी ते वाचले नाही. चोरी उघडकीला आली ती पर्यावरण कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. त्यानंतर सल्लागारांना मान्यतापत्रे देण्याची पद्धत आली. मान्यतापत्र भिंतीवर लागले, पण पैशाची वाट बदलली नाही.

आणि चोरी न करताही खोटे लिहिता येते. कोकणातला सडा सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असतो. महसूल खात्याच्या दृष्टीने ती नापीक जमीन, म्हणून अहवालातही ती ओसाड. श्रावणात त्या कातळावर किती जातींची फुले उमलतात, त्याच्या चिरांतून मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला वर्षभर कसे पुरते, गुरे कुठे चरतात, देवराई कुठे आहे, हे विचारायला कोणी येत नाही. आले तरी ते श्रावणात येत नाही. प्रा. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने सिंधुदुर्गात फिरून हे सारे पाहिले आणि २०११ च्या अहवालात या मूल्यांकनांच्या खोटेपणावर बोट ठेवले. सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा असे ठराव केले होते. सरकारने काय केले? अहवाल दडवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा बडगा बसल्यावर तो २०१२ मध्ये बाहेर आला. त्यानंतर दुसरी समिती नेमली, आणि २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडीखाली शेकडो माणसे गाडली गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी.

दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीला विरोध केला तेव्हा त्याला विकासाचा शत्रू ठरवले गेले. खाण झाली. जुलै २०२१ मध्ये ऐन पावसात त्या खाणीचा बांध फुटला आणि साठलेले पाणी चिखलासह वस्तीत आणि बागायतीत शिरले. पावसाळा मोजायचाच नाही असे ठरवणाऱ्या कायद्याला हा बांध कसा दिसणार होता? मंत्रालयातल्या ज्या अधिकाऱ्याने ती कार्यकक्षा मंजूर केली, त्याने एकदा कळण्याच्या माडा-पोफळीच्या बागेत जाऊन उभे राहावे आणि तिथल्या बाईमाणसांना सांगावे की तुमच्या घरात शिरलेला चिखल आमच्या हंगामात बसत नव्हता.

जनसुनावणी हा या कायद्यातला एकमेव दरवाजा, जिथून गाव आत शिरू शकते. १९९७ मध्ये तो उघडला आणि तेव्हापासून तो अरुंद करण्याचा उद्योग चालू आहे. शेकडो पानांचा मसुदा इंग्रजीत. गावाच्या भाषेत त्याचा तेवढा सारांश. भूजलाचे कोष्टक, वाऱ्याच्या दिशेचा नकाशा, डंपाच्या उताराचा कोन, म्हणजे ज्यावर गावकरी अधिकाराने बोलू शकतो ते सगळे इंग्रजीच्या कुलपात. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तोही इंग्रजी-हिंदीतच. तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, तर त्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले! मराठी आणि कोकणी माणसाला त्याच्या भाषेत कायदा वाचता येऊ नये यासाठी सरकारने वकील उभे केले, याची नोंद भाषेच्या अभिमानावर मते मागणाऱ्यांनी घ्यावी.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी, असे २००६ ची अधिसूचना सांगते. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड खाणीचे उत्पादन वर्षाला तीस लाखांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली कुठे? सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या गडचिरोली शहरात. ठाकूरदेवाच्या डोंगराला देव मानणाऱ्या माडिया माणसाने जंगलातून निघून, रोजगार बुडवून, पोलिसांच्या कड्यातून जिल्हा मुख्यालयी यायचे आणि आपले म्हणणे मांडायचे! आणि समजा मांडले. पुढे त्याचे होते काय? केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या देवापान डोंगरावरच्या खाणीचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. २६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने बजावले की लोकांच्या हरकती तज्ज्ञ समितीने नुसत्या नोंदवून चालणार नाही. त्या का फेटाळल्या याची कारणे दिली पाहिजेत. त्याच निकालात आणखी एक गोष्ट उजेडात आली. खाणींना परवाने सुचवणाऱ्या त्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष स्वतः खाण कंपन्यांचे संचालक होते. न्यायालयाने त्यावर तीव्र नापसंती नोंदवली. असल्या समितीपुढे कावऱ्याच्या शेतकऱ्याची हरकत कोणत्या न्यायाने टिकणार होती?

आता तर दरवाजाच काढून टाकण्याचे काम सुरू झाले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अणुखनिजे आणि ‘महत्त्वाची’ ठरवलेली खनिजे यांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. देशाच्या संरक्षणाचे कारण सांगितले गेले. देशाचे संरक्षण आम्हांलाही प्रिय आहे. पण ज्यांच्या जमिनीखाली ते खनिज आहे ती माणसे देशाबाहेरची आहेत काय? आणि परवाना न घेताच खोदणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये मागाहून परवाना देण्याची सोय झाली होती. वरातीमागून घोडे धाडण्याचा तो प्रकार १६ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर बेकायदा ठरवला. हायसे वाटावे असा तो दिवस होता. सहा महिने लोटले आणि १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी तो निकाल मागे घेतला. उभ्या राहिलेल्या बांधकामांवर खर्च झालेल्या हजारो कोटी रुपयांचे काय, हा मुद्दा वजनदार ठरला. न्या. भुयान यांनी विरोधी मत लिहिले. न्यायालयाचा पूर्ण आदर राखून आम्ही म्हणतो की न्या. भुयान बरोबर आहेत. खोदून झालेल्या डोंगराचे पूर्वमूल्यांकन जगातला कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही. गेलेला झरा परवान्याने परत येत नाही.

मग करायचे काय? पहिले काम नवे नाही. मेघालयाच्या खासी टेकड्यांतल्या चुनखडीच्या खाणीच्या खटल्यात ६ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की प्रकल्पांची तपासणी करणारा, परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारा आणि दंड करणारा स्वतंत्र राष्ट्रीय नियामक नेमा. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने पुन्हा खडसावले: ३१ मार्च २०१४ पर्यंत नेमा. ती तारीख उलटून दशकाहून अधिक काळ गेला. मनमोहन सिंगांचे सरकार गेले, मोदींची सरकारे आली. नियामक आला नाही. दोन्ही बाजूंना तो नको आहे, कारण तो आला की दिल्लीतल्या टेबलांवरचे मोल उतरते. आम्ही मागतो तो हाच नियामक. सल्लागार त्याने निवडावा, तोही खाणमालकाला नाव न कळता. शुल्क मालकाकडून घेऊन त्याने आपल्या निधीतून द्यावे. खोटी आकडेवारी सापडली तर मान्यता काढून घेऊन भागणार नाही, सल्लागार आणि मालक या दोघांवर फौजदारी खटला उभा राहिला पाहिजे.

मोजमाप सबंध वर्षाचे हवे, आणि ते एका खाणीचे नको, नदीच्या खोऱ्याचे हवे. मांडवीच्या काठी दहा खाणी असतील तर दहा अहवाल दहा वेळा सांगतात की आमचा परिणाम थोडा. दहा थोड्यांची बेरीज कोणी करत नाही. कोकणातल्या चिरेखाणींचे तर आणखीच. पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांना मूल्यांकनच लागत नसे, म्हणून मोठ्या पट्ट्यांचे तुकडे पाडून पळवाट काढली जाई. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. पण तालुक्यातल्या सगळ्या चिरेखाणी मिळून किती सडा खरवडला गेला, याचा एकत्र हिशेब आजही गावापुढे मांडला जात नाही.

दिल्ली हलेपर्यंत पणजी आणि मुंबईने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी जमतो आहे. तो खाणबाधितांसाठीच आहे आणि पर्यावरणरक्षण हे त्याचे घोषित काम आहे. त्यातून ग्रामसभांना स्वतःचा अभ्यास करवून घेण्यासाठी पैसे द्या. विहिरींच्या पातळीची, झऱ्यांची आणि ओहोळातल्या गाळाची बारमाही नोंद शाळा-महाविद्यालयांच्या मदतीने गावाला ठेवू द्या आणि ती नोंद सल्लागाराच्या अहवालाशेजारी ठेवल्याशिवाय सुनावणी घेऊ नका. संपूर्ण अहवाल मराठीत आणि कोकणीत छापून पंचायतीत ठेवा. सुनावणी गावाच्या मांडावर घ्या. यांतल्या एकाही गोष्टीसाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही.

गोव्यात लिलाव झाले आहेत, २०२४ मध्ये डिचोलीचा ब्लॉक सुरू झाला, पिळगावच्या शेतकऱ्यांनी ट्रक अडवलेही. आणखी ब्लॉक रांगेत आहेत. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना आमचा सरळ सवाल आहे: एका सबंध वर्षाचे मोजमाप आणि खोऱ्याचा एकत्रित हिशेब गावापुढे आल्याखेरीज यापुढे एकाही खाणीची शिफारस आपण करणार नाही, असे विधानसभेच्या पटलावर सांगायला आपण तयार आहात काय? उत्तर येत्या अधिवेशनात हवे.